बोंड फोडल्यावाचून अळी दिसत नाही

अमळनेर तालुक्यातल्या एका गावातून ३४ वर्षांच्या सूनबाईंचं पत्र आलं आहे. घरी कापूस आणि थोडा मका. सासरे, ज्यांना सगळे नाना म्हणतात, ६२ वर्षांचे. पोटात जळजळ आणि फुगारा कित्येक वर्षांचा, तंबाखूची सवय त्याहून जुनी. दिवाळीनंतर त्यांची दुर्बिणीतून तपासणी झाली. जठराच्या खालच्या भागात लालसर, खडबडीत पट्टा दिसला, म्हणून दोन तुकडे काढून तपासायला पाठवले. रिपोर्टात जुनी सूज, एच. पायलोरी जंतू आणि ‘इंटेस्टायनल मेटाप्लेझिया’ आलं, आणि शेवटच्या ओळीत ‘इनडेफिनिट फॉर डिस्प्लेझिया’. डॉक्टरांनी १४ दिवसांचं औषध दिलं असून अडीच-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण आणि जास्त तुकडे घ्यायला सांगितलं आहे. नाना तयार नाहीत. गावातल्या एका गृहस्थांचा तुकडा काढला आणि ते सहा महिन्यांत गेले, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं आहे. सुरतला असणाऱ्या धाकट्या दिरांनी मोबाइलवर एक जपानी दुर्बीण पाहिली. ती पोटातल्या पेशी ५०० पट मोठ्या करून जागच्या जागी दाखवते आणि तुकडा काढावा लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. कापसाचे पैसे लावू, कमी पडले तर कर्ज काढू, पण मुंबईला असो की कुठेही, ती दुर्बीण असेल तिथेच नानांना नेऊ, असा त्यांचा आग्रह आहे. नवरा दोघांच्या मधे अडकला आहे. कॅन्सर हा शब्द नानांसमोर अजून कोणी उच्चारलेला नाही. सूनबाई विचारतात, ‘तुकड्याऐवजी ती दुर्बीण चालेल का? आणि मी सून, मी या घरात काय बोलू?’

ताई,

रिपोर्टातल्या ओळी तुम्ही इंग्रजीतून जशाच्या तशा उतरवून पाठवल्यात, त्यामुळे मला अंदाजानं बोलावं लागत नाही. मी तीस वर्षं असेच रिपोर्ट लिहिले. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणं हेच माझं काम होतं. म्हणून आधी त्या शेवटच्या ओळीबद्दल बोलते, कारण तुमच्या घराची झोप तिनंच उडवली आहे.

‘इनडेफिनिट’ म्हणजे ‘कॅन्सर आहे, पण सांगत नाही’ असं नव्हे. लोक या शब्दाचा असा अर्थ लावतात हे मला फार उशिरा कळलं. एकदा एक बाई रिपोर्ट घेऊन थेट लॅबच्या खिडकीशी आल्या आणि म्हणाल्या, ‘डॉक्टरीणबाई, तुम्ही काय लपवलंय ते मला सांगा, मी कोणाला सांगणार नाही.’ मी काहीच लपवलं नव्हतं. मला जेवढं दिसलं तेवढंच लिहिलं होतं. पण त्या दिवसापासून असा रिपोर्ट हातात देताना दोन मिनिटं बोलायचं, असं मी ठरवून टाकलं.

डिस्प्लेझिया म्हणजे पेशींची शिस्त मोडणं. केंद्रकं मोठी होतात, गडद दिसतात, आपली ओळ सोडून वर सरकतात. कॅन्सरच्या वाटेवरचा तो एक टप्पा असू शकतो. अडचण अशी की जंतूंनी सुजवलेल्या अस्तरातही झीज भरून काढायला पेशी घाईघाईनं तयार होत असतात, आणि घाईत तयार झालेल्या पेशीही अशाच मोठ्या नि गडद दिसतात. काचेवर दोन्ही सारख्याच दिसल्या, तर प्रामाणिक पॅथॉलॉजिस्ट ‘अनिश्चित’ असं लिहितो. यावरचा उपाय तुमच्या डॉक्टरांनी सांगितला आहे तोच. आधी जंतू मारायचे, सूज उतरू द्यायची, मग पुन्हा बघायचं. त्यांनी तुम्हाला टाळलेलं नाही.

मेटाप्लेझियाचंही सांगते. जठराच्या अस्तराला वर्षानुवर्षं मार बसला की त्या जागी आतड्यासारख्या पेशी उगवतात. नेदरलँड्सच्या देशभरातल्या पॅथॉलॉजी नोंदींवरून २००८ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असा बदल असलेल्यांमध्ये जठराच्या कॅन्सरचं प्रमाण वर्षाला ०.२५ टक्के निघालं, म्हणजे ४०० माणसांत वर्षाला एक. तिकडची माणसं वेगळी, खाणं वेगळं, त्यामुळे हा आकडा नानांना जसाच्या तसा लावू नका. पण पट्टा दिसला म्हणजे सगळं संपलं असं नसतं, एवढं त्यातून नक्की कळतं. लक्ष ठेवावं लागेल, आणि लक्ष ठेवायला वेळही आहे.

आता तुमच्या दिरांची दुर्बीण. ती खोटी नाही, आणि त्यांना कोणी फसवलेलंही नाही. तिचं नाव एंडोसायटोस्कोप. जपानात योकोहामाला शोवा विद्यापीठाचं (आताचं शोवा वैद्यकीय विद्यापीठ) रुग्णालय आहे. तिथल्या हारुहिरो इनोउए, शिन-एई कुदो या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम पुढे नेलं. सुरुवातीला साध्या दुर्बिणीच्या पोकळीतून आत सरकवायची बारीक नळी होती. पुढे हे भिंग दुर्बिणीतच बसवलं गेलं आणि २०१८ मध्ये ऑलिम्पस कंपनीनं ५२० पट मोठं दाखवणारी दुर्बीण बाजारात आणली. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला गालाच्या आतून खरवडून निळ्या रंगात बुडवलेली स्लाइड तुम्ही पाहिली असेल. तोच मेथिलीन ब्लू इथेही वापरतात, बऱ्याचदा सोबत थोडा जांभळा क्रिस्टल व्हायोलेट. रंग अस्तरावर सोडायचा, थोडं थांबायचं, धुवायचं आणि भिंगाचं टोक हळूच अस्तराला टेकवायचं. मग पडद्यावर पेशींची केंद्रकं निळी होऊन उभी राहतात.

तिचीच एक चुलत बहीण आहे, लेझरवर चालणारी कॉन्फोकल दुर्बीण. तिच्यानं जिवंत माणसाच्या आतड्यातल्या पेशी पाहिल्याचं काम जर्मनीतल्या माइंत्सच्या डॉक्टरांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यासाठी फ्लुरोसिन नावाचा रंग शिरेतून द्यावा लागतो. कातडी काही तास आणि लघवी साधारण दिवसभर पिवळीधमक होते आणि पडद्यावर केशवाहिन्यांतून रक्तपेशी सरकताना दिसतात.

ही चित्रं मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा किती तरी वेळ पडद्यासमोरून उठले नाही. माझ्याकडे आयुष्यभर आलेल्या पेशी मेलेल्या होत्या. फॉर्मालिनमध्ये मुरलेल्या, मेणात थिजवलेल्या, तासून काचेवर चिकटवलेल्या. आणि इथे त्या जिवंत होत्या, त्यांच्या घरात होत्या. म्हणून तुमच्या दिरांना व्हिडिओ पाहून जे वाटलं ते मला पूर्ण समजतं. माझा आक्षेप दुर्बिणीला नाहीच. नानांच्या पोटात आज जो प्रश्न आहे त्याचं उत्तर ती देऊ शकते का, एवढंच मला बघायचं आहे.

तुमच्याकडे कापूस आहे, म्हणून गुलाबी बोंडअळीवरून सांगते. अळी बोंडात शिरते तेव्हा अगदी बारीक असते आणि शिरण्याचं छिद्र नंतर बुजून जातं. बाहेरून बोंड हिरवंगार, टणक, तजेलदार. बांधावर उभं राहून कितीही चांगला चष्मा लावला तरी अळी दिसत नाही. म्हणून कृषी सहायक सांगतात, शेतात फिरा, वेगवेगळ्या ठिकाणची वीस हिरवी बोंडं तोडा आणि फोडून बघा. फोडल्याशिवाय फवारणी करायची की नाही हे ठरत नाही. आणि ‘बोंड फोडलं म्हणून अळी पसरली’ असं तुमच्या गावात आजवर कोणी म्हटलं आहे का?

५२० पट दाखवणाऱ्या दुर्बिणीला एका वेळी दिसणारा तुकडा साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. अख्ख्या जठराच्या मानानं हा शेतातल्या एका झाडाएवढासुद्धा नाही. म्हणून भिंग कुठे टेकवायचं हे आधी साध्या नजरेनं आणि अनुभवानं ठरवावं लागतं. दुसरं म्हणजे खोली. ती वरच्या थराखाली मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आसपासच बघू शकते. पेशी वरच्या थरातच बिघडल्या आहेत की खाली उतरल्या आहेत, हे कळायला अस्तराचा उभा छेद लागतो, आणि उभा छेद तुकड्याशिवाय मिळत नाही. तिसरं म्हणजे सूज. सुजलेल्या जठरात चिकट स्राव असतो, रंग नीट चढत नाही. चढला तरी जी निळी केंद्रकं तिथे दिसतील ती तशीच मोठी नि गडद असतील. म्हणजे काचेवर मला जो पेच पडला असता तोच पेच पडद्यावर त्या डॉक्टरांना पडणार. ५०० पट मोठा केलेला संशय हा संशयच राहतो.

या तंत्राची सगळ्यात भरीव कामगिरी मोठ्या आतड्यातल्या गाठींमध्ये आहे, म्हणजे पॉलिपमध्ये. कोणता पॉलिप काढायचा आणि कोणता निरुपद्रवी म्हणून सोडून द्यायचा, हे त्यातून जागेवर ठरवता येतं. ही चित्रं वाचणाऱ्या एंडोब्रेन नावाच्या संगणक-प्रणालीला जपाननं २०१८ च्या डिसेंबरात मान्यता दिली, तीही मोठ्या आतड्यातल्या गाठींसाठीच. आणि जपानातसुद्धा काढलेली गाठ शेवटी पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर जाते. ‘तुकड्याशिवाय निदान’ हे शब्द व्हिडिओत कानाला गोड लागतात, पण तिथले डॉक्टर स्वतः एवढं मोठं विधान करत नाहीत. तुकडा नेमका कुठून घ्यायचा आणि कुठून उगीच घ्यायचा नाही, हे दाखवण्यासाठी हे भिंग उत्तम. तुकड्याची सुट्टी करण्यासाठी ते नानांच्या बाबतीत उपयोगी नाही. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर ‘नाही’ असं आहे.

नानांची भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. तुकडा काढला आणि माणूस गेला, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या गृहस्थांचा रिपोर्ट माझ्यासमोर नाही, पण अशी किती माणसं मी पाहिली ते सांगते. गिळताना अडकायला लागतं, वजन उतरतं, तरी चार-सहा महिने लिंबू-सोडा आणि ॲसिडिटीच्या गोळ्यांवर निघतात. पेरणी होऊ दे, वेचणी होऊ दे, लग्न होऊ दे. शेवटी तुकडा काढला जातो तेव्हा आजार यकृतापर्यंत पोहोचलेला असतो. मग माणूस जातो, आणि गावाला लक्षात राहतो तो तुकडा, कारण त्याआधीचे सहा महिने कोणी मोजलेलेच नसतात.

दुर्बिणीतून घेतलेला तुकडा दोन-तीन मिलिमीटरचा, तिळाएवढा. जठराच्या आतल्या अस्तराला अशा चिमट्याची वेदना कळत नाही. थेंबभर रक्त येतं आणि बहुतेक वेळा आपोआप थांबतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर मात्र डॉक्टरांना आधी सांगायला हवं. अस्तरातून असा तुकडा घेतल्यानं जठराचा कॅन्सर पसरत नाही. हे मी नानांची समजूत काढण्यासाठी म्हणत नाही, माझ्या कामातलं ज्ञान म्हणून सांगते.

आता पैशाचं. आधी करायच्या एका गोष्टीला तुमच्या कापसातली एक गोणीसुद्धा विकावी लागणार नाही, आणि तीच सगळ्यांच्या नजरेतून सुटते. नानांचे ते दोन तुकडे कुठेही गेलेले नाहीत. ते मेणाच्या छोट्या ठोकळ्यात, ज्याला आम्ही ब्लॉक म्हणतो, त्या लॅबमध्ये जपून ठेवलेले आहेत. काड्यापेटीपेक्षा लहान वस्तू. त्यातून केसाहूनही पातळ नवे काप घेता येतात, वेगळे रंग देता येतात, पुन्हा पुन्हा बघता येतात. डिस्प्लेझियाची शंका असलेली स्लाइड दुसऱ्या, पचनसंस्थेच्या पॅथॉलॉजीत मुरलेल्या डोळ्यांखालून जावी, असंच मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात. तेव्हा नानांना मुंबईला नेण्याआधी त्यांचा ब्लॉक मुंबईला पाठवा. टाटा मेमोरियलसारख्या संस्थेत बाहेरच्या स्लाइड आणि ब्लॉकवर दुसरं मत दिलं जातं. लॅबमध्ये जाऊन लेखी अर्ज करा. ‘ब्लॉक आणि स्लाइड दुसऱ्या मतासाठी हव्या आहेत’ एवढं वाक्य पुरतं. रुग्णाचा तो हक्क आहे. मी स्वतः असे शेकडो ब्लॉक दिले, आणि मागणाऱ्याचा मला कधी राग आला नाही. कोणी कपाळाला आठ्या घातल्या तरी तुम्ही संकोचू नका.

हे काम तुमच्या दिरांना द्या. मनापासून सांगते. ते दूर आहेत, वडिलांसाठी काहीच करता येत नाही याची त्यांना तगमग आहे, म्हणून त्यांचा जीव त्या व्हिडिओत अडकला आहे. त्यांना चूक ठरवलंत तर आग्रह वाढेल. ‘भाऊ, नानांचा ब्लॉक मुंबईला पोहोचवायचा आहे, तुमच्याशिवाय कोण करणार’ असं म्हणा. सुरतेहून मुंबईच्या गाड्या भरपूर आहेत.

ब्लॉक तिकडे जाईल तेव्हा इकडे नानांचं औषध पूर्ण झालं पाहिजे. एच. पायलोरीचा कोर्स १४ दिवसांचा असतो, गोळ्या पुष्कळ, तोंड कडू होतं, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी बरं वाटलं की माणसं सोडून देतात. मग जंतू अर्धवट मरतो नि औषधाला दाद देईनासा होतो. औषधात बिस्मथ असेल तर शौच काळी होते, जीभही काळपट दिसते. त्याला घाबरून औषध बंद करू नका. जंतू खरोखर गेला का, हे श्वासाच्या किंवा शौचाच्या चाचणीनं तपासता येतं. त्यासाठी ॲन्टिबायोटिक संपून किमान चार आठवडे आणि ॲसिडिटीच्या गोळ्या थांबवून दोन आठवडे जावे लागतात, तेव्हा तारीख डॉक्टरांना विचारून ठरवा. घरात कोणी म्हणेल की हे सगळं ठेच्यानं आणि शेवभाजीच्या तर्रीनं झालं. तिखटानं जळजळ होते हे खरं, पण नानांच्या अस्तराचं नुकसान मुख्यतः या जंतूनं केलं आहे. आपल्या देशात निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांच्या पोटात तो असतो आणि बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही, म्हणून घरच्यांनी एकमेकांच्या ताटाकडे संशयानं बघू नये. तंबाखू मात्र सुटलीच पाहिजे, आणि पापड-लोणच्यातलं मीठ कमी करा.

दुसऱ्या दुर्बिणीसाठी ५०० पटीची गरज नाही. गरज आहे ती स्वच्छ कॅमेऱ्याची आणि सावकाश बघणाऱ्या डॉक्टरांची. ‘एचडी दुर्बीण आहे का, आणि एनबीआय किंवा तशी सोय आहे का’ असं विचारा. एनबीआयमध्ये निळा आणि हिरवा असे दोनच अरुंद पट्टे प्रकाशाचे वापरतात. रक्तातलं हिमोग्लोबिन ते शोषून घेतं, त्यामुळे बारीक रक्तवाहिन्यांची जाळी उठून दिसते आणि बिघडलेला भाग नजरेत भरतो. मेटाप्लेझियाच्या जागा शोधायला हे फार कामाचं आहे. यासाठी मुंबई गाठायलाच हवी असं नाही. धुळे-जळगावला विचारा, नाहीतर नाशिकला. युरोपातल्या एंडोस्कोपी तज्ज्ञांच्या संघटनेनं नीट तपासणीसाठी दुर्बीण आत घालण्यापासून बाहेर काढेपर्यंत किमान सात मिनिटं द्यावीत असं म्हटलं आहे. डॉक्टरांपुढे घड्याळ धरून बसा असं मी म्हणत नाही. पण ‘गर्दी नसलेल्या दिवशी बोलवा, वेळ लागला तरी चालेल’ असं विनवायला काय हरकत? फेस आणि चिकटा निघावा म्हणून आधी प्यायचं औषध देतात का, तेही विचारा.

आणि तुकड्यांबद्दल एक गोष्ट, जी मला वर्षानुवर्षं खुपत आली. सगळे तुकडे एकाच बाटलीत, आणि सोबतच्या चिठ्ठीवर फक्त ‘जठराचा तुकडा’. कुठला भाग, काय दिसलं, काय शंका, काहीच नाही. अशा वेळी सूक्ष्मदर्शक कितीही भारी असला तरी माझे हात बांधलेले असत. जठराच्या खालच्या भागाचे, वळणावरचे आणि वरच्या भागाचे मिळून निदान पाच तुकडे घेण्याची पद्धत आहे. तो पट्टा दिसला तर त्यातले वेगळे. खालचे आणि वरचे वेगवेगळ्या बाटल्यांत, प्रत्येकीवर नाव. पहिल्या वेळी दोनच तुकडे होते, हेही उत्तर ‘अनिश्चित’ येण्याचं एक कारण असू शकतं. दोन बोंडं फोडून शेताचा निकाल लागत नाही.

समजा, पुढच्या रिपोर्टात डिस्प्लेझिया पक्का निघाला. तरीही वाट बंद होत नाही. दिसणारी जागा लहान आणि वरच्या थरातली असेल तर पोट न फाडता दुर्बिणीतूनच तो थर सोलून काढता येतो. ही पद्धतही जपानातच वाढली आणि आता आपल्याकडच्या मोठ्या शहरांत होते. कापसाचे पैसे राखून ठेवायचेच असतील तर त्या वेळेसाठी ठेवा, आणि खर्च महात्मा फुले योजनेत बसतो का हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. तिथे एखाद्या केंद्रात हे मोठं भिंग असलं आणि डॉक्टरांनी स्वतःहून वापरायचं म्हटलं, तर अवश्य वापरू द्या. तेव्हा ते योग्य जागी येईल.

थांबायचं नाही अशीही वेळ येऊ शकते. वजन उतरू लागलं, घास अडकू लागला, उलट्या सुरू झाल्या, बिस्मथ किंवा लोहाची गोळी चालू नसताना शौच डांबरासारखी झाली किंवा तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघालं, तर तीन महिन्यांची तारीख विसरा आणि त्याच आठवड्यात जा.

आता तुमचा दुसरा प्रश्न, ‘मी सून, मी काय बोलू’. ताई, या घरात रिपोर्ट वाचता येणारं माणूस तुम्ही आहात. तुम्ही बोलायचं नाही असं तुम्हाला कोणी सांगितलं आहे, की तुम्हीच धरून चालला आहात? पत्रात तुम्ही लिहिलंय की नाना रोज सकाळी चहाला तुमच्याशीच बोलतात आणि गोळ्यांची वेळही तुम्हालाच विचारतात. म्हणजे दार उघडंच आहे. अवघड वाटत असेल तर आधी नवऱ्याला हे सगळं वाचून दाखवा आणि दोघं मिळून बसा.

कॅन्सर हा शब्द टाळून तुम्ही नानांना वाचवत आहात असं सगळ्यांना वाटतं. पण नाना बावळट नाहीत. मुलगा सुरतेहून दिवसातून तीनदा फोन करतो, घरात कुजबुज होते, कापसाच्या पैशाचा हिशोब अचानक बदलतो. ‘माले काहीच व्हयेल नही’ असं ते म्हणतात, त्यात मला हट्टापेक्षा भीती जास्त ऐकू येते. ज्या गोष्टीचं नाव कोणी घेत नाही ती रात्री फार मोठी होते. त्यांना सांगा की पोटात जंतू सापडला आहे, त्यानं अस्तर खराब केलं आहे, आज कॅन्सर आहे असं कोणी म्हटलेलं नाही, आणि तो पुढे होऊ नये म्हणून बघायचं आहे. शब्द उच्चारा, आणि त्याच्या शेजारीच ‘आज नाही म्हटलेला’ हेही उच्चारा. मग बोंडाची गोष्ट सांगा. चाळीस हंगाम ज्यांनी बोंडं फोडून निर्णय घेतले त्यांना ती तुमच्या-माझ्यापेक्षा आधी कळेल. आणि त्यानंतर निर्णय त्यांचा. त्यांनी चार दिवस मागितले तर चार दिवस द्या. अडीच-तीन महिन्यांत ते चार दिवस बसतात.

दवाखान्यात जाताना प्रश्न कागदावर लिहून न्या आणि ते नानांनाच विचारू द्या. सहा-आठ तास उपाशीपोटी न्यायचं आहे, तेव्हा सकाळची वेळ घ्या. गुंगीचं इंजेक्शन दिलं तर त्या दिवशी त्यांना गाडी चालवू देऊ नका, शेतातही पाठवू नका.

ब्लॉक घ्यायला जाल तेव्हा स्लाइड कापसात गुंडाळून छोट्या डब्यात ठेवा, डब्यावर नानांचं नाव आणि रिपोर्टाचा नंबर लिहा, आणि रिपोर्टाची झेरॉक्स सोबत द्या. आपल्याकडच्या कडक उन्हात तो डबा गाडीच्या डॅशबोर्डवर विसरू नका. आत मेण आहे.

तुमची,
डॉक्टरीणबाई